श्वानपिल्लांचे शौच-प्रशिक्षण

श्वानपिल्लांचे शौच-प्रशिक्षण म्हणजे पाळीव कुत्र्याच्या पिल्लाला घरात कोठेही मलमूत्र विसर्जन न करता ठरावीक जागी ते करण्याची सवय लावणे होय. बोलचालीत यास 'पॉटी ट्रेनिंग' किंवा 'शी-शूची सवय' असे म्हणतात. सुमारे आठ आठवड्यांच्या वयापासून हे प्रशिक्षण सुरू केले जाते आणि बहुतेक पिल्लांत ते चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत स्थिरावते. लहान चणीच्या जातींना अनेकदा त्याहून अधिक काळ लागतो.

या काळात घरात होणाऱ्या अपघातांमागे मूत्राशयाची अपुरी वाढ, अनियमित वेळापत्रक, चुकीच्या जागेची जडलेली सवय किंवा आजार यांपैकी एखादे कारण असते. पिल्लाचा हट्ट किंवा सूडबुद्धी हे त्याचे कारण नसते. ही गोष्ट ध्यानात न आल्याने पिल्लांना मारहाण होते, ती कायमची साखळीला बांधली जातात किंवा रस्त्यावर सोडून दिली जातात. म्हणून घराच्या स्वच्छतेइतकाच हा प्राणिकल्याणाचाही विषय ठरतो. प्रशिक्षणाची तत्त्वे सर्वत्र सारखी असली, तरी त्यांचा अवलंब घर, हवामान व परिसर पाहून करावा लागतो. अतिवृष्टीचा आणि बिबट्याचा वावर असलेला अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदरा परिसर हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

ग्रामीण महाराष्ट्रात कुत्र्याचे स्थान परंपरेने अंगण, ओटा, पडवी, गोठा किंवा मेंढरांचा वाडा हे राहिले आहे. राखणीसाठी ठेवलेले हे कुत्रे दिवसभर मोकळे असते व शौचासाठी आपण होऊन बांधाकडे किंवा झुडपांत जाते. त्यामुळे तेथे वेगळ्या प्रशिक्षणाची गरज सहसा भासत नाही. कुत्रे घराच्या आत, विशेषतः फरशीच्या बंदिस्त घरात किंवा सदनिकेत राहू लागल्यावर हा प्रश्न निर्माण झाला. मोकळ्या कुत्र्याला जागा आणि वेळ दोन्ही स्वतः निवडता येतात. बंद दाराआडच्या पिल्लाला यांपैकी काहीच निवडता येत नाही, म्हणून ती निवड त्याच्या वतीने पाळणाऱ्याला करावी लागते. शौच-प्रशिक्षणाचा सारा भर याच एका गोष्टीवर असतो.

शारीरिक व वर्तनविषयक आधार

नवजात पिल्लाला पहिले दोन ते तीन आठवडे स्वतःहून मलमूत्र विसर्जन करता येत नाही. आई त्याचा पोटाखालचा भाग चाटते आणि त्या स्पर्शाने ही क्रिया घडते. उत्सर्गही तीच चाटून टाकते व त्यामुळे निजण्याची जागा स्वच्छ राहते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू पायांवर उभे राहू लागते आणि झोपण्याच्या जागेपासून थोडे दूर जाऊन विसर्जन करू लागते. निजण्याची व खाण्याची जागा न मळवण्याची ही उपजत प्रवृत्ती हाच प्रशिक्षणाचा पाया आहे.

आठव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास विशिष्ट पृष्ठभागाची आवड निर्माण होऊ लागते. पायाखाली माती किंवा गवत असताना विसर्जन करणारे पिल्लू पुढेही तेच शोधते. गोधडी, पायपुसणे किंवा गुळगुळीत फरशी यांची सवय लागल्यास ती मोडण्यास वेळ लागतो. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अमेरिकेत केलेल्या दीर्घकालीन अभ्यासावरील ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे तीन ते बारा आठवडे हा पिल्लाच्या सामाजिक घडणीचा संवेदनशील काळ मानला आहे. शौच-प्रशिक्षणाचा आरंभ याच काळात होतो.

ज्या पिल्लांना लहानपणी अरुंद, मळलेल्या पिंजऱ्यात ठेवले जाते, त्यांची स्वच्छतेची प्रवृत्ती बोथट होते, कारण निजण्याच्या जागीच विसर्जन करण्यावाचून त्यांना पर्याय नसतो. फ्रँक मॅकमिलन व सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, दुकानातून आणलेल्या कुत्र्यांत घर मळवण्याची समस्या छोट्या, बिगरव्यापारी प्रजननकर्त्यांकडून आणलेल्या कुत्र्यांपेक्षा अधिक आढळली. भारतातील श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार (२०१७) आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही.

मूत्र रोखून धरण्याची क्षमता वयानुसार वाढते. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवून येणारी संख्या ही दिवसा रोखून धरण्याच्या तासांची कमाल मर्यादा समजावी, असा ढोबळ संकेत आहे. त्यानुसार दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास थांबू शकते. जागे असताना व खेळताना ही मर्यादा बरीच खाली येते. खाणे पोटात गेल्यावर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून खाल्ल्यानंतर साधारण पाच ते तीस मिनिटांत शौचाची गरज निर्माण होते.

प्रशिक्षणाची पद्धत

वेळापत्रक

पिल्लाला झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, पाणी प्यायल्यावर, खेळ संपल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी ठरलेल्या जागी नेले जाते. यांखेरीज पहिले काही आठवडे जागेपणी दर तास-दीड तासाने नेणे हितावह असते. खाणे ठरावीक वेळी दिल्यास शौचाची वेळही ठरावीक होते. दिवसभर भरलेली ताटली समोर ठेवल्यास वेळेचा अंदाज बांधता येत नाही. पाणी मात्र तोडू नये. उष्ण हवेत पाण्यावाचून पिल्लाच्या शरीरातील पाणी लवकर कमी होते.

आठ ते बारा आठवड्यांच्या पिल्लासाठी दिवसाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येतो :

- पहाटे उठल्याबरोबर, पिल्लाला उचलून थेट ठरलेल्या जागी नेणे.
- सकाळचे खाणे. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा नेणे.
- खेळ, शौचाची फेरी, मग झोप. झोपेतून उठताच पुन्हा फेरी.
- दुपारचे व संध्याकाळचे खाणे, प्रत्येकानंतर फेरी.
- रात्री निजण्याच्या अगदी आधी शेवटची फेरी.
- मध्यरात्रीनंतर एक वा दोन फेऱ्या. वय वाढेल तशा त्या कमी होतात.

जागा, शब्द व बक्षीस

जागा एकच ठेवली जाते. तेथील पूर्वीचा वास पिल्लाला पुढील वेळी संकेत देतो. पिल्लाला पट्ट्यावर नेऊन पाच ते दहा मिनिटे शांतपणे एका जागी उभे राहावे. या वेळी खेळ सुरू केल्यास ते मूळ काम विसरते. विसर्जन सुरू असताना 'शू कर' यासारखा एकच ठरलेला शब्द हळू आवाजात उच्चारल्यास काही आठवड्यांत त्या शब्दाचा क्रियेशी संबंध जुळतो. क्रिया पूर्ण होताच, त्याच जागी, कौतुकाचे बोल आणि खाऊचा लहान तुकडा द्यावा. घरात परतल्यावर दिलेला खाऊ पिल्लाच्या दृष्टीने घरात येण्याचे बक्षीस ठरतो. काम होताच पिल्लाला लगेच आत आणण्याचेही टाळावे. तसे केल्यास बाहेरचा वेळ संपू नये म्हणून ते विसर्जन लांबवू लागते. थोडा फेरफटका किंवा खेळ त्यानंतर व्हावा.

देखरेख व मर्यादित जागा

सवय लागेपर्यंत पिल्लाला साऱ्या घरात मोकळे सोडले जात नाही. ते एका खोलीत, नजरेसमोर असावे. जमीन हुंगत गोल फिरणे, खेळ अचानक थांबवणे, कोपऱ्याकडे किंवा दाराकडे जाणे व अस्वस्थपणे कुंईकुंई करणे ही गरजेची पूर्वचिन्हे आहेत. लक्ष ठेवणे शक्य नसेल, तेव्हा काही काळ पिंजऱ्याचा किंवा कठडा लावलेल्या कोपऱ्याचा उपयोग होतो. त्यात पिल्लाला उभे राहता, वळता व पसरून निजता यावे इतकीच जागा असावी. जागा फार मोठी असल्यास ते एका टोकाला निजून दुसरे टोक मळवते. पिंजरा शिक्षा म्हणून वापरू नये आणि पिल्लाच्या रोखून धरण्याच्या मर्यादेपलीकडे त्यात कोंडून ठेवू नये. दिवसभर घर बंद असलेल्या कुटुंबात दुपारी कोणीतरी येऊन पिल्लाला बाहेर नेण्याची व्यवस्था आवश्यक ठरते.

नोंदवही

खाण्याच्या, शौचाच्या व अपघातांच्या वेळा आठवडाभर लिहून ठेवल्यास अपघातांचा आकृतिबंध सहसा उघड होतो. अपघात संध्याकाळी पाहुणे आल्यावरच होतात, की दुपारच्या झोपेनंतर, हे कळले की त्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी एक फेरी वाढवून प्रश्न सुटू शकतो.

अपघात घडल्यावर

अपघात होत असताना दिसल्यास टाळी वाजवून किंवा हाक मारून पिल्लाचे लक्ष वेधावे, त्याला ठरलेल्या जागी न्यावे आणि तेथे क्रिया पूर्ण झाल्यास कौतुक करावे. अपघात नंतर लक्षात आल्यास तो निमूटपणे पुसून टाकणे एवढेच करण्यासारखे असते. कुत्र्याला कृती आणि तिचा परिणाम यांचा संबंध लागण्यासाठी दोहोंमधील अंतर एक-दोन सेकंदांहून फारसे अधिक असून चालत नाही.

पिल्लाचे नाक मूत्रात घासणे, वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारणे किंवा ओरडणे या पद्धती पूर्वापार रूढ असल्या तरी अपायकारक आहेत. माणसासमोर विसर्जन करणे धोक्याचे आहे, एवढाच बोध पिल्लू त्यातून घेते. मग ते पलंगाखाली किंवा दाराआड जाऊन विसर्जन करते आणि बाहेर पट्ट्यावर असताना धन्यासमोर करण्याचे टाळते.

पिल्लाला आपली चूक कळते, ते अपराधी चेहरा करते, असा समज सार्वत्रिक आहे. अमेरिकी संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर केलेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा समज तपासला गेला. मान खाली घालणे, नजर चुकवणे, कान पाडणे ही लक्षणे कुत्र्याने खरोखर आगळीक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हती. धनी रागावला की ती दिसत. 'अपराधी चेहरा' हा धन्याच्या रागाला दिलेला प्रतिसाद असतो, असे त्यातून दिसून आले.

स्वच्छता

माणसाच्या नाकाला न जाणवणारा वास पिल्लाला जाणवतो आणि ते पुन्हा त्याच जागी येते. ओले मूत्र आधी कापडाने टिपून घ्यावे व मग जैवविकरयुक्त द्रवाने किंवा जैवविकर असलेल्या कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने जागा धुवावी. मूत्र कुजताना अमोनिया तयार होत असल्याने अमोनियायुक्त द्रव वापरू नयेत. काळ्या फिनेलमधील फिनॉलवर्गीय द्रव्ये पिल्लाच्या पंजांना व चाटल्यास पोटाला अपाय करतात. शहाबादी फरशीच्या सांध्यांत मूत्र मुरते, म्हणून सांधे घासून धुवावे लागतात. शेणाने सारवलेल्या जमिनीत ते अधिक खोल जाते. तेथे वरचा थर खरवडून काढून जागा पुन्हा सारवणे हा साधा उपाय आहे.

भंडारदरा परिसरातील विशेष परिस्थिती

भंडारदरा हे अकोले तालुक्यातील प्रवरा नदीकाठचे गाव १९१० ते १९२६ या काळात बांधलेल्या विल्सन धरणामुळे व थंड हवेमुळे पर्यटनस्थळ म्हणून प्रसिद्ध आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य याच भागात आहे. पिल्लाला सवय लावताना येथे दोन गोष्टी विशेष अडचणीच्या ठरतात : पाऊस आणि बिबट्या.

पावसाळा

सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या घाटघर, रतनवाडी या गावांत जून ते सप्टेंबर या काळात अतिवृष्टी होते. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हटले जाते. कित्येक दिवस उघडीप न मिळाल्यास उन्हाळ्यात बाहेर जाण्याची सवय लागलेले पिल्लूही ओल्या गवतावर पाय ठेवण्यास नाखूश असते. दारात थबकून ते परत फिरते आणि कोरड्या खोलीत विसर्जन करते. ही सवय मोडली असे समजण्याचे कारण नाही. पिल्लाच्या दृष्टीने शिकवलेली जागाच नाहीशी झालेली असते.

यावर उपाय म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वीच छपराखालची जागा ठरवणे. पडवीचे टोक, ओट्याचा कोपरा किंवा पत्र्याच्या शेडखाली उथळ खोक्यात माती, वाळू किंवा या भातपट्ट्यात सहज मिळणारे भाताचे तूस पसरता येते. पूर्वीच्या जागेवरील थोडी माती त्यात मिसळल्यास ओळखीचा वास मिळतो. तूस वा माती वेळोवेळी बदलावी लागते. बाहेर न्यायचेच असल्यास छत्री धरून किंवा दाट झाडाखाली नेऊन फेरी आखूड ठेवतात व परत आल्यावर पिल्लाला गोणपाटाने किंवा जुन्या टॉवेलने कोरडे करतात.

बिबट्याचा वावर

रात्रीची फेरी हा प्रशिक्षणाचा आवश्यक भाग असला, तरी बिबट्याच्या वावराच्या भागात पिल्लाला अंधारात एकटे सोडणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी याच तालुक्यातील अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. त्यात भक्ष्याच्या एकूण वजनापैकी ८७ टक्के वाटा माणसाच्या वस्तीतील पाळीव व भटक्या प्राण्यांचा होता, तर एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला. कुत्रे हे तेथे बिबट्याचे प्रमुख भक्ष्य होते.

अशा भागात संध्याकाळचे खाणे लवकर देऊन मोठी फेरी उजेड असतानाच उरकली जाते. रात्रीसाठी बंद पडवीत किंवा न्हाणीघरात मातीचे खोके ठेवले जाते. बाहेर जाणे अटळ असल्यास दाराजवळच, दिव्याच्या उजेडात, पट्ट्यावर आणि मोठ्या माणसाने उभे राहून पिल्लाला न्यावे. हे काम मुलांवर सोपवू नये. रात्री पिल्लाला अंगणात साखळीने बांधणे सर्वांत घातक, कारण त्याला पळताही येत नाही. घरात अपघात करते म्हणून पिल्लाची रवानगी अंगणात करण्याचा निर्णय अशा ठिकाणी त्याच्या मृत्यूस कारण होऊ शकतो.

मुक्कामी आलेली पिल्ले

धरणाच्या जलाशयाकाठी तंबूत किंवा घरगुती निवासात उतरणारे काही पर्यटक आपली कुत्री सोबत आणतात. शहरातील घरी सवय लागलेले पिल्लू परक्या खोलीत अपघात करते, कारण एका घरात शिकलेला नियम ते आपोआप दुसऱ्या जागी लावत नाही. मुक्कामाला पोचताच खोलीत नेण्यापूर्वी शौचाची जागा दाखवणे आणि पहिला दिवस लहान पिल्लाप्रमाणेच वेळापत्रक पाळणे उपयुक्त ठरते. विष्ठा उचलून पाण्यापासून दूर पुरावी किंवा कचऱ्यात टाकावी.

सदनिकेतील प्रशिक्षण

मुंबई, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांत वरच्या मजल्यावरून खाली पोचेपर्यंतचा वेळच लहान पिल्लाला पुरेसा नसतो. म्हणून सुरुवातीस सज्जात किंवा न्हाणीघरात वर्तमानपत्र, शोषक गाद्या किंवा कृत्रिम गवताचा तुकडा ठेवतात. या पद्धतीमुळे दुहेरी शिकवण होते व कागदाची सवय पुढे मोडावी लागते. खऱ्या मातीचा वा हिरवळीचा ट्रे ठेवल्यास पुढे बाहेरच्या जागेकडे वळणे सोपे जाते. कागद वापरल्यास तो दर काही दिवसांनी दाराच्या दिशेने थोडा सरकवत न्यावा. खाली नेताना पिल्लाला उचलून न्यावे, म्हणजे जिन्यात किंवा उद्वाहनात अपघात होत नाही.

लसीकरण व संसर्गाचा धोका

शौच-प्रशिक्षणाचा काळ आणि लसीकरणाचा काळ एकच असतो. १९७८ साली ओळखला गेलेला कुत्र्यांचा परव्हो विषाणू बाधित विष्ठेतून पसरतो, जमिनीत अनेक महिने टिकतो आणि सहा आठवडे ते सहा महिने वयाच्या पिल्लांना विशेष घातक ठरतो. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत पुनरावृत्त केली जाते. तोपर्यंत भटक्या कुत्र्यांच्या वावराच्या जागा, बाजार व सार्वजनिक उद्याने टाळून स्वतःचे अंगण, गच्ची किंवा ट्रे यांचाच वापर करणे सुरक्षित असते. रेबीजची लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात दिली जाते.

पिल्लांच्या पोटातील गोल जंत आईच्या गर्भाशयातून व दुधातून येतात आणि ते माणसांना, विशेषतः मुलांना, बाधू शकतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास काही आठवडे लागतात, म्हणून विष्ठा त्याच दिवशी उचलल्याने धोका बराच कमी होतो. लेप्टोस्पायरोसिस हा रोग बाधित प्राण्यांच्या मूत्रातून पसरतो व पावसाळ्यात बळावतो. मूत्र पुसताना हातमोजे घालणे व नंतर साबणाने हात धुणे आवश्यक आहे.

वैद्यकीय व भावनिक कारणे

सवय लागलेले पिल्लू अचानक अपघात करू लागले किंवा वेळापत्रक काटेकोर पाळूनही प्रगती दिसली नाही, तर पशुवैद्यकाची तपासणी प्रशिक्षणाच्या आधी येते. वारंवार थोडे थोडे मूत्र होणे, कुंथणे, मूत्रात रक्त दिसणे ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. जंत व इतर परजीवी यांमुळे पातळ शौच होते व ते रोखणे पिल्लाला शक्य नसते. उलट्या, रक्तमिश्रित जुलाब व सुस्ती दिसल्यास परव्होच्या शक्यतेमुळे त्याच दिवशी उपचार लागतात. झोपेतही सतत मूत्र झिरपत असल्यास, विशेषतः मादी पिल्लात, मूत्रवाहिनीची जन्मजात विकृती असू शकते.

काही पिल्ले आनंदाने किंवा भीतीने मूत्र सोडतात. धनी घरी परतताच उड्या मारताना होणारे मूत्रविसर्जन उत्तेजनेमुळे घडते. कोणी वाकून हात पुढे केल्यावर कान पाडून, अंग चोरून होणारे विसर्जन ही शरणागतीची खूण असते. दोन्ही क्रिया पिल्लाच्या इच्छेबाहेरच्या असतात. रागावल्यास दुसरा प्रकार बळावतो. घरात येताना शांत राहणे, पिल्लाकडे लगेच लक्ष न देणे व त्याच्यावर वाकण्याऐवजी बाजूला बसून त्याला जवळ येऊ देणे हे उपाय केल्यास ही सवय बहुधा वयाबरोबर जाते.

कायदेशीर बाजू

भारतातील प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार प्राण्याला मारहाण करणे, अवास्तव आखूड वा जड साखळीने अवास्तव काळ बांधणे, कायम बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे आणि उपासमारीची वेदना त्याच्या वाट्याला येईल अशा स्थितीत वाजवी कारणाविना त्याला सोडून देणे हे गुन्हे आहेत. या कलमाखाली पहिल्या गुन्ह्यासाठी ठरवलेला दंड १० ते ५० रुपये इतकाच आहे. सोडून दिलेल्या पिल्लाला मात्र लस, निवारा व संरक्षण यांपैकी काहीही उरत नाही. ज्या वयात ते घरात अपघात करते, त्याच वयात परव्होचा धोकाही सर्वाधिक असतो, आणि अपघातांची ही अवस्था वयाबरोबर व नियमित सवयीने काही महिन्यांत संपणारी असते.